शिरोरेषेखालचे वर्तुळ

भौमितिक सॅन्स सेरिफ म्हणजे कंपास आणि पट्टीने आखल्यासारखी दिसणारी, टोकांना पाय नसलेली आणि सगळीकडे जवळजवळ एकाच जाडीची अक्षरे. रोमन लिपीत ही जात रुळून जेमतेम शंभर वर्षे झाली. देवनागरीत तिचा अनेक वजनांचा, म्हणजे बारीक-जाड पायऱ्यांचा, संच २०१४ साली ‘पॉपिन्स’ या नावाने आला आणि निर्मात्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो या प्रकारातला पहिलाच होता. रावेतसारख्या नव्या उपनगरात या अक्षरांचा वावर डोळ्यांत भरण्याइतका आहे. पवनेच्या काठचे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पुढे द्रुतगती मार्ग झाला, २०१५ साली सांगवी–किवळे बीआरटी ही जलद बससेवा सुरू झाली आणि शेतांच्या जागी गृहप्रकल्प उभे राहिले. प्रकल्पांची नावे बहुधा इंग्रजी, आणि ती लिहिण्यासाठी गोल ‘ओ’ आणि सरळ ‘आय’ असलेली भौमितिक रोमन अक्षरे सर्रास वापरली जातात. त्याच कमानीवर किंवा शेजारच्या दुकानावर मराठी नाव लिहायची वेळ आली की प्रश्न उभा राहतो: या रोमन अक्षरांशेजारी कोणते देवनागरी अक्षर बसवायचे?

या प्रश्नाचे मूळ फार जुने आहे आणि रावेतपासून फार लांबही नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यालगत घोरवडेश्वराच्या डोंगरात शेलारवाडीची लेणी आहेत. तिथे आणि पुढे कार्ले, भाजे येथे दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. देवनागरी ज्या लिपीतून निघाली तिचे अशोककालीन रूप जवळजवळ निव्वळ भूमिती आहे. ‘क’ म्हणजे अधिक चिन्ह, ‘ग’ म्हणजे दोन तिरप्या रेषांचे शिखर, ‘र’ म्हणजे उभी रेष, ‘ट’ म्हणजे अर्धवर्तुळ, ‘ठ’ म्हणजे पूर्ण वर्तुळ आणि ‘थ’ म्हणजे मध्ये बिंदू असलेले वर्तुळ. दगडावर छिन्नीने ओढलेल्या रेषेला जाड-बारीकपणा फारसा नसतो. सोपाऱ्याला सापडलेले अशोकाच्या आज्ञालेखाचे तुकडे पाहिले तर एकरेषी, बिनपायाचे अक्षर महाराष्ट्रात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी होते हे मान्य करावे लागते. त्या लिपीतले ‘ठ’चे वर्तुळ आजही टिकून आहे. वर दांडी आणि शिरोरेषा चढली, एवढाच फरक.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत चित्र पालटले. लेखणी रुंद झाली आणि ती टेकवताना रेषेच्या माथ्यावर छोटे जाड टोक उमटू लागले. अक्षराच्या डोक्यावरचे हे टोक पुढे खिळ्याच्या माथ्यासारखे झाले, मग आडवे पसरले, आणि शेजारशेजारची टोके जुळून शिरोरेषा तयार झाली. रोमन अक्षरांच्या पायांना सेरिफ म्हणतात. देवनागरीने तसलेच टोक डोक्यावर घेतले आणि ते ताणून सगळ्या शब्दाची एकच रेघ केली. देवनागरीला ‘सॅन्स सेरिफ’ म्हणणे म्हणूनच थोडे अडचणीचे आहे. त्या टोकाचा वारसा इतका मोठा आहे की तो काढला तर शब्दच विस्कटतो. गुजरातीने शिरोरेषा सोडली. मोडीने ती आधी आखून घेऊन तिच्याखाली अक्षरे लिहिण्याची रीत ठेवली. बाळबोध लिपीत ती राहिली आणि आज भौमितिक टाइपही सहसा तिला वगळून पुढे जात नाही.

हस्तलिखितांत बोरूचे राज्य होते. देवनागरीच्या बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपे कापतात, त्यामुळे जाडी आणि बारीकपणा यांचा कलही उलटा येतो. पोथीतले ‘क’, ‘ल’, ‘भ’ यांची गोलाई कुठे फुगते आणि कुठे निमुळती होते हे सारे त्या कापावर ठरते. छपाई आली तीही याच वळणाची नक्कल करत. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला छापले गेले, त्यात देवनागरी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरे, वापरले होते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी अक्षरांचे पंच, म्हणजे खिळ्यांचे साचे करण्याचे ठसे, घडवले. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले, आणि शिळाछापात तर लेखणीचे वळण जसेच्या तसे उमटते. मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांचे पंच कोरणारे राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या अक्षरांनी मराठी आणि संस्कृत पुस्तकांचे रूप पुढची कित्येक दशके ठरवले. निर्णयसागरचा टाइप सुंदर का, याचे उत्तर त्याच्या जाड-बारीकपणाच्या तोलात आहे. भौमितिक अक्षराला नेमका तोच तोल सोडावा लागतो.

युरोपात रोमन अक्षराचे पाय प्रथम १८१६ च्या सुमारास कॅस्लन यांच्या ओतशाळेच्या नमुन्यात गळाले. भूमितीचा आग्रह मात्र विसाव्या शतकातला. एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी अक्षरे आखली, तेव्हा त्यांचा ‘ओ’ जवळजवळ पूर्ण वर्तुळ होता. १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बावर ओतशाळेने पाउल रेनर यांचा ‘फ्युचरा’ बाजारात आणला. रेनर यांच्या पहिल्या आराखड्यांत काही लहान अक्षरे इतकी भौमितिक होती की वाचता येईनात; एक ‘आर’ तर उभी दांडी आणि शेजारी ठिपका, एवढाच होता. विक्रीसाठी ती मवाळ केली गेली. फ्युचराचा ‘ओ’ कंपासने काढल्यासारखा भासतो खरा, पण रेषा एकमेकींना मिळतात तिथे जाडी हळूच कमी केलेली असते. मुंबईत १९३० नंतर मरीन ड्राइव्हच्या परिसरात आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नावांच्या रोमन अक्षरांत ही युरोपीय हवा दिसू लागली.

फ्युचराचा एक धागा रावेतच्या पट्ट्यातही येऊन पोहोचतो. फोक्सवॅगन कंपनीच्या जाहिराती कित्येक दशके फ्युचरात छापल्या जात होत्या आणि त्या कंपनीचा चाकणचा कारखाना २००९ साली सुरू झाला. १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या अपोलो ११ च्या पाटीवरही फ्युचराच आहे. हे अक्षर इतके पसरले याचे कारण त्याला कुठल्याच गावाचे किंवा हाताचे वळण नाही. परक्या बाजारात माल विकणाऱ्यांना ते सोयीचे पडते.

देवनागरीत हा प्रवाह उशिरा पोहोचला आणि त्याआधी खिळ्यांचाच प्रश्न सोडवायचा होता. रोमन लिपीचे काम शंभरेक खिळ्यांत भागते. देवनागरीला बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून कित्येक शे खिळे लागत आणि जुळाऱ्याला मधला, वरचा आणि खालचा असे तीन थर सांभाळावे लागत. टिळकांनी केसरीसाठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप केला. सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीतून ‘अि’, ‘अु’ असे स्वर लिहिण्याचा आग्रह धरला तोही बराचसा छपाईच्या सोयीसाठी. सुधारणेची सारी शक्ती ‘किती अक्षरे’ या प्रश्नात खर्च झाली आणि ‘कोणत्या वळणाची’ हा प्रश्न मागे पडला, असे या काळाबद्दल म्हणता येते.

वळणाचा विचार पुढे डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांतून सुरू झाला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९६० च्या दशकात ‘युनिव्हर्स’ टाइपचे कर्ते आद्रियाँ फ्रुटिगर यांना बोलावले, आणि महेंद्र पटेल यांनी त्यांच्यासोबत देवनागरीचे एकरेषी रूप शोधले. महाराष्ट्रात शासकीय मुद्रण खात्याचे बापूराव नाईक यांनी १९७१ साली ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडी इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. लक्ष्मण श्रीधर वाकणकर, मुकुंद गोखले, आणि पवई आयआयटीच्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवणारे र. कृ. जोशी यांनी लिपीकडे शास्त्र आणि कला या दोन्ही अंगांनी पाहिले. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ फाँट जोशींचा. याच काळात कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींतून प्रत्येक शीर्षकाला वेगळा स्वभाव देत होते; ते टोक भूमितीच्या अगदी विरुद्ध. मराठी वाचकाला अक्षरात व्यक्तिमत्त्व शोधायची सवय लागली ती मुख्यतः अशा हातच्या अक्षरांमुळे.

पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र एकरेषी देवनागरी कोणत्याही संस्थेची वाट पाहत बसली नव्हती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, साठच्या दशकात आकुर्डी, पिंपरी, चिंचवड येथे वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आले. ‘धोका’, ‘ज्वलनशील’, ‘धूम्रपान करू नये’ अशा सूचना कारखान्याच्या भिंतीवर आणि पिंपांवर लिहायच्या तर पत्र्याचे स्टेन्सिल सोपे. स्टेन्सिलला जाड-बारीकपणा परवडत नाही आणि बंद पोकळ्याही चालत नाहीत. ‘ब’, ‘म’, ‘ठ’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडू नये म्हणून मध्ये पूल ठेवावे लागतात. शाळेत पाटीवर पेन्सिलीने गिरवलेले अक्षर, फळ्यावरचे खडूचे अक्षर, बॉलपेनचे अक्षर, हीदेखील सगळी एकरेषीच. बोरू हातातून गेला की जाड-बारीकपणाही जातो. छापील देवनागरी मात्र बोरू विसरायला तयार नव्हती, आणि वाचणारा दिवसभर एक वळण लिहून दुसरे वाचत होता.

संगणकावर मराठी आणण्याचे बरेच काम पुण्यात झाले. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकचे फाँट आणि मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’ यांच्यावर डीटीपीचा धंदा उभा राहिला. लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत सगळे त्यांतच. पण या जुन्या फाँटांची सांकेतिक व्यवस्था वेगळी होती: एका संगणकावर मराठी दिसणारा मजकूर दुसऱ्यावर तो फाँट नसला की चिन्हांचा गोंधळ होई. युनिकोडने ही अडचण सोडवली. पाठोपाठ ओपनटाइप तंत्राने जोडाक्षरे आपोआप जुळू लागली आणि शेकडो खिळ्यांचे ओझे एका फाइलमध्ये मावले. खिळ्यांच्या संख्येची धास्ती संपली तेव्हाच देवनागरीत हौसेने वळण निवडण्याची मोकळीक आली.

इंडियन टाइप फाउंड्री ही संस्था २००९ साली अहमदाबादेत सुरू झाली. तिच्या पॉपिन्समधली देवनागरी निनाद काळे यांची आणि रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांची. सर्वांत बारीकपासून सर्वांत जाडपर्यंत नऊ वजने, प्रत्येकाला तिरपा जोड, म्हणजे एकूण अठरा फाँट. एकेकात हजाराहून अधिक चिन्हे. आणि खुल्या परवान्यामुळे वापर फुकट.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे, कारण देवनागरीत भूमिती कुठे साधते आणि कुठे अडते ते तीत लख्ख दिसते. रोमनमध्ये वर्तुळ वारंवार येते: ‘ओ’, ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’. देवनागरीत पूर्ण वर्तुळ फक्त ‘ठ’ आणि शून्यात सापडते. ‘ट’, ‘ढ’, ‘द’, ‘छ’ यांत त्याचा मोठा भाग असतो. बाकी कारभार काना चालवतो. ‘ग’, ‘प’, ‘म’, ‘व’, ‘स’ अशा निम्म्याहून अधिक व्यंजनांत उजवीकडे उभी दांडी असते, ‘क’ आणि ‘फ’मध्ये ती मधोमध. मराठीचा ‘ळ’ या भूमितीला फार मानवतो, कारण तो शेजारी टेकवलेल्या दोन वर्तुळांसारखा भासतो; पण तोच रुंद जागाही मागतो, आणि ‘पुनावळे’, ‘किवळे’, ‘काळेवाडी’ अशा नावांच्या मुलखात ती टाळता येत नाही. ‘झ’, ‘ख’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांत रेषांची गर्दी होते आणि शेजारचे ‘र’ किंवा ‘ग’ मोकळे दिसतात. सगळ्या ओळीचा काळेपणा सारखा राहावा म्हणून गर्दीच्या अक्षरांत रेषा किंचित बारीक कराव्या लागतात. गोलाई कान्याला मिळते तिथेही जाडी उतरवावी लागते, नाहीतर सांध्यावर काळा डाग दिसतो. थोडक्यात, एकाच जाडीचे दिसावे म्हणून जाडी जागोजागी बदलायची. वजन वाढले की हे कौशल्य अपुरे पडते: सर्वांत जाड फाँटात ‘ह्म’, ‘द्ध’, ‘क्ष’ यांच्या पोकळ्या बुजत जातात आणि अक्षर लांबून ओळखणे अवघड होते.

उंचीचा प्रश्न त्याहून नाजूक. ‘आकुर्डी’ हा शब्द घ्यावा. त्यात खाली उकार आहे, वर वेलांटी आहे आणि वेलांटीच्या जोडीला रफारही आहे. शिरोरेषा ते पायथा एवढी उंची मोजली तर शब्द लहान आणि टोकापासून टोकापर्यंत मोजली तर मोठा. पॉपिन्सने देवनागरीच्या मूळ अक्षराची उंची रोमनच्या लहान ‘बी’, ‘डी’, ‘एल’ यांच्या उंच दांडीइतकी ठेवली. रोमनची मोठी अक्षरे त्याहून किंचित बुटकी केली आणि ‘ए’, ‘ओ’ अशा लहान अक्षरांचा मधला भाग बराच उंचावला. दोन लिपी एका ओळीत आल्या तरी कोणी दबत नाही. वरच्या मात्रांना आणि खालच्या जोडाक्षरांना जागा मिळावी म्हणून फाँटाच्या मापातच ओळीची उंची अक्षरमापाच्या जवळपास दीडपट धरलेली आहे. इंग्रजीपुरताच हा फाँट वापरणाऱ्या जगभरच्या वेबसाइटींना हे मोकळे अंतर कधी खटकते, आणि ते देवनागरीच्या उकार-मात्रांसाठी राखलेले आहे याची त्यांना बहुधा कल्पना नसते.

ही जुळवाजुळव महाराष्ट्रात कायद्याच्या अंगानेही महत्त्वाची झाली. दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली: प्रत्येक फलकाची सुरुवात देवनागरीतील मराठीने व्हावी आणि मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीपेक्षा लहान नसावा. मुंबईतल्या व्यापाऱ्यांची हरकत सर्वोच्च न्यायालयात गेली तेव्हा सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ‘लहान नसावा’ हे मोजायचे कसे, हा प्रश्न ‘आकुर्डी’ने आधीच दाखवून दिला आहे. पाटी करणारे साधारणतः फ्लेक्सची रुंदी पाहतात, मराठी नाव तिच्यात बसेल असे ताणतात किंवा दाबतात, आणि ताणलेल्या अक्षरात आडव्या-उभ्या रेषांची जाडी बिघडते. एकाच संचातले देवनागरी आणि रोमन अक्षर घेतले तर ताणायची गरजच कमी पडते.

पाटीच्या कारागिरीलाही हे अक्षर सोयीचे आहे. हात रंगाऱ्याचा असेपर्यंत चपट्या ब्रशने जाड-बारीकपणा आपसूक येई. आता पाटी अ‍ॅक्रिलिकच्या कापीव अक्षरांची, एसीपीच्या (अॅल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या थरांच्या) पत्र्याची किंवा रेडियमची असते. प्लॉटरने रेडियम कापल्यावर नको तो भाग सोलताना बारीक रेषा तुटतात. एकाच जाडीच्या रेषा तुटत नाहीत. उजळणाऱ्या अक्षरांत एलइडीची पट्टी मावेल एवढी रुंदी प्रत्येक रेषेला हवीच, आणि निर्णयसागरी वळणाचे निमुळते टोक तिथे अंधारात राहते. शिरोरेषेचा फायदा वेगळाच. शब्द एका तुकड्यात कापता येतो, भिंतीला बसवताना अक्षरे वाकडीतिकडी होत नाहीत. फक्त ‘थ’, ‘ध’, ‘भ’ आले की रेघ खंडित होते आणि अनुस्वार सुटा चिकटवावा लागतो. बीआरटीच्या बसवरच्या ठिपक्यांच्या दिव्यांत मात्र हीच रेघ ओळीतली मोलाची जागा खाते आणि मात्रा तिच्यावर कशाबशा बसतात.

वाहनांच्या पाटीवर देवनागरीला जागाच नाही. केंद्रीय नियमांनुसार नोंदणी क्रमांक रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहावा लागतो. पिंपरी-चिंचवडच्या गाड्यांवरचे ‘एमएच १४’ म्हणून एकाच ठरावीक, एकरेषी वळणाचे असते, आणि मराठी आकडे हौसेने लावणाऱ्याला दंड होतो.

मराठीपुरती एक कसोटी उरते. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही रूपे प्रमाण ठरवली. हिंदीत रूढ रूपे वेगळी आहेत, आणि देशभरासाठी घडवलेल्या फाँटांत बहुधा हिंदीचीच रूपे मूळ धरलेली असतात. ओपनटाइपमध्ये मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली तर अक्षररूप बदलण्याची सोय असते, पण ती फाँटात भरलेली हवी आणि वापरणाऱ्या सॉफ्टवेअरला कळायला हवी. शिवाय पाकळीचा ‘ल’ वर्तुळात कोंबणे सोपे नाही, कारण त्याच्या दोन पाकळ्यांचे वळण मुळात बोरूचे आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेल्या ‘मुक्ता’त रेष एकसारखीच आहे, पण वर्तुळाचा हट्ट नाही आणि हाताचे वळण राखलेले आहे. सात वजनांच्या या फाँटात बारीक मजकूर वाचायला अधिक सोपा जातो.

लांब मजकुरासाठी मराठीत भौमितिक अक्षर फारसे चाललेले नाही. पुस्तके आणि दैनिके अजून जाड-बारीक वळणातच निघतात, कारण छोट्या मापात ‘प’ आणि ‘ष’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक डोळा रेषेच्या जाडीवरून आणि गाठीवरून चटकन पकडतो. सगळे सारख्या जाडीचे आणि सारख्या गोलाईचे झाले की तो वेग मंदावतो. मोबाइलच्या पडद्यावर, बिलांवर, अ‍ॅपच्या बटणांवर आणि रावेतच्या कमानींवर दोन-चार शब्दांचेच काम असते, आणि पॉपिन्ससारख्या फाँटांनी तेवढी जागा घेतली आहे.